तुम्ही विचारलंत म्हणून : खिडकीशी बसवलं की अर्धा चेहरा काळा का येतो?

मी माणसांचे फोटो काढते हे कळले की लोक हमखास एक प्रश्न विचारतात, आणि शब्द थोडेफार बदलले तरी प्रश्न तोच असतो : “खिडकीजवळ बसवून फोटो काढला, समोर उजेड अगदी सुरेख दिसत होता, मग फोटोत अर्धा चेहरा काळाठिक्कर कसा आला?” विचारणाऱ्याला बहुधा कॅमेऱ्याचा किंवा लेन्सचा संशय असतो, आणि काहींनी तर नवी लेन्स घ्यायचेही ठरवलेले असते. माझे उत्तर ऐकून त्यांची थोडी निराशा होते, कारण माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा चूक खुर्चीच्या जागेची असते.

आधी ‘समोर सुरेख दिसत होते’ याचा उलगडा करू. आपली नजर उजळ गालावरून अंधाऱ्या गालावर जाते तेव्हा डोळा आणि मेंदू मिळून त्या त्या जागेपुरते जुळवून घेतात आणि आपल्याला दोन्ही गाल नीट दिसल्यासारखे वाटतात. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. एका क्लिकमध्ये त्याला एकच एक्स्पोजर, म्हणजे आत किती उजेड घ्यायचा याचे एकच माप, मिळते. दोन गालांत तीन स्टॉपचा फरक असेल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) तर एका बाजूला दुसरीच्या आठपट उजेड असतो, आणि उजळ बाजू सांभाळायची म्हटली की दुसरी बुडते. म्हणून फोटो काढण्यापूर्वी डोळे किलकिले करून त्या माणसाकडे पाहावे. मिटत आलेल्या पापण्यांतून सावल्या जशा गडद दिसतात, साधारण तशाच त्या फोटोत येतात.

आता खुर्ची. बहुतेक जण माणसाला खिडकीच्या बरोबर मध्यावर, खिडकी कानाच्या रेषेत येईल असे बसवतात. तिथे उजेड काटकोनात येतो, नाक आडवे येते आणि पलीकडचा गाल त्याच्या सावलीत जातो. यावर उपाय म्हणजे खुर्ची भिंतीलगतच पाठीच्या दिशेने हात-दीड हात मागे सरकवणे, म्हणजे खिडकी बाजूला न राहता तिरकी समोर येते. खरे वाटत नसेल तर स्वतःची मूठ खिडकीपाशी धरून पाहा. मूठ काटकोनात धरली की बोटांच्या पेरांच्या अलीकडे लख्ख पांढरे आणि पलीकडे काळे असे दोन तुकडे दिसतात. तीच मूठ हळूहळू मागे नेली की पेरांमधल्या खाचांत उजेड उतरू लागतो, त्वचेवरच्या बारीक रेषा दिसतात आणि काळ्याचे राखाडी होते. अनोळखी खोलीत शिरल्यावर मी पहिल्यांदा मूठ पुढे धरून फिरते. पाहणाऱ्याला ते चमत्कारिक वाटते, पण खुर्ची कुठे ठेवायची ते दोन मिनिटांत कळते.

अंतराचेही तसेच आहे. उजेड मऊ की कडक हे खिडकीच्या निव्वळ आकारावर ठरत नाही. बसलेल्या माणसाच्या जागेवरून ती किती मोठी दिसते यावर ठरते. खिडकीच्या रुंदीइतक्या अंतरावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सावलीची कड विरत जाते, आणि तोच माणूस खोलीच्या टोकाला गेला की त्याच खिडकीची सावली सुरीने कापल्यासारखी दिसते. शिवाय माणूस खिडकीजवळ आणि मागची भिंत दूर असली की ती भिंत आपोआप काळोखात जाते, त्यामुळे मागचा पसारा आवरण्याचे कष्टही वाचतात. थेट ऊन आत येत असेल तर मात्र पातळ पांढरा पडदा ओढावाच, कारण मग उजेड सूर्याच्या टिकलीएवढ्या ठिपक्यातून न येता सगळ्या पडद्यातून पसरतो.

पूर्वीच्या स्टुडिओवाल्यांना हे सगळे ठाऊक होते. १८३९ साली डॅगेरोटाइपची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर फोटो काढण्याची, पद्धत जाहीर झाली, आणि त्यानंतर युरोपात उघडलेल्या अनेक स्टुडिओंना उत्तरेकडे तोंड केलेली काचेची छते असत, कारण त्या गोलार्धात उत्तरेकडून थेट ऊन क्वचितच येते आणि उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. त्या छतांखाली पडदे लावलेले असत आणि उजेड नको तिथे ते ओढले जात. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या ब्रिटिश छायाचित्रकार बाईंनी तर १८६०च्या दशकात इंग्लंडजवळच्या वाइट बेटावरचे कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करून त्यालाच आपला स्टुडिओ केले. खिडकीचा खालचा अर्धा भाग मी कापडाने झाकते तेव्हा माझ्या हातून त्याच जुन्या पद्धतीची नक्कल होत असते : उजेड वरून येतो आणि हनुवटीखाली जबड्याची रेषा उमटते.

अंधाऱ्या बाजूला उजेड परतवायला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा पुरतो. तो चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी सावली हलकी. भिंत गडद हिरवी असेल तर तीही उजेड परतवते, पण हिरवा, आणि मग गालाचा रंग कशाने बिघडला ते लवकर ध्यानात येत नाही.

दिवा लावून सावली भरण्याचा मोह मात्र टाळावा. एकदा मी मावशीचा फोटो काढताना खोलीतला पिवळा बल्ब तसाच चालू ठेवला होता. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका तो पिवळा. खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, ढगाळ दिवशी त्याहून निळसर. बल्बचा २७०० ते ३००० केल्विनचा. पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा रंग जुळवतो तो व्हाइट बॅलन्स कोणत्या तरी एकालाच जुळतो. फोटो पाहून मावशी म्हणाली, “अगं, मला अर्धीच कावीळ झाली होती का?” तेव्हापासून मी खुर्ची मांडण्याआधी सगळी बटणे बंद करते.

कॅमेऱ्याच्या आकड्यांचे फार स्तोम माजवू नये. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, लेन्सचे छिद्र एफ २.८ आणि शटर १/१२५ सेकंद इथून सुरुवात करावी, उजेडाची मोजणी उजळ गालावर करावी आणि तो गाल पांढराफटक पडू देऊ नये. चष्म्याच्या काचेत खिडकी दिसत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलाव्यात. काच खाली झुकते आणि खिडकी तिच्यातून निघून जाते.

राहिला प्रश्न सावली किती ठेवायची याचा. काळी बाजू पूर्ण पुसून टाकली की चेहरा सपाट थाळीसारखा दिसतो, आणि काही चेहऱ्यांना, विशेषतः सुरकुतलेल्या, गडद सावलीच शोभते. माझे माप डोळ्याचे आहे. मी बसलेल्या माणसाला सांगते, “मान हलवू नका, खिडकीजवळचा डोळा हाताने झाका आणि दुसऱ्या डोळ्याने खिडकी दिसते का ते सांगा.” “नाही” म्हणाले की नाक आड येते आहे हे उघड होते, आणि मी खुर्ची आणखी वीतभर मागे घेते. “आता काठ दिसतोय” असे उत्तर आले की पलीकडच्या बुबुळातही खिडकीचा एक छोटा चौकोन चमकू लागतो, आणि मी कॅमेरा उचलते.