व्हायोलिनचा फेडर

माझं काम साउंडचं. गणपती, ऑर्केस्ट्रा, लग्नं. कवितांचा कार्यक्रम म्हटलं की आमची पोरं खुश, तीन माइक आणि लवकर घरी. पण खरं सांगतो, डीजेपेक्षा हेच अवघड, डीजेत शब्द कळले नाहीत म्हणून कोण भांडत नाही.

परवा दसरा चौकाजवळ मर्ढेकरांच्या कवितांचं वाचन होतं, सोबत व्हायोलिन. वाचणारे सर रिटायर प्राध्यापक, आवाज भारी, पण माइक ओठाला चिकटवायची सवय. चेकिंगला 'पिपांत मेले ओल्या उंदिर' घेतली आणि 'पिपांत' म्हटलं की स्पीकरमधनं फट्! प, फ, भ ला तोंडातनं हवा सुटते ती सरळ माइकवर आदळते. स्पंजचं टोपरं घातलं, माइक तोंडाच्या बाजूला तिरका केला, 100 हर्ट्झच्या खालचं कापलं, तेव्हा कुठं उंदीर नीट मेले. मर्ढेकर स्वतः रेडिओत नोकरीला होते, त्यांना हे माहीत असणार, असं म्हटलं मी सरांना, तर सर नुसते हसले.

संयोजकांचं एकच, म्युझिक कंटिन्यू पाहिजे नायतर लोकं उठतात. लोकं चहासाठी उठतात हो, शांततेमुळं नाही. आणि व्हायोलिनवाले दादा हात लई गोड, पण उंदरांच्या कवितेला त्यांनी पिक्चरमध्ये कोण गेल्यावर वाजतं तसलं रडकं काढलं. त्यात शब्द कळतात ते साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये आणि व्हायोलिनची धारपण तिथंच, म्हणजे सरांचा शब्द बुडायला लागला, आणि ती कविता तर कोरडी, रडत नाही कुठं. मी दुसऱ्या ओळीला व्हायोलिनचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची पट्टी, हळूहळू खाली घेतला, पार शून्यावर.

मॉनिटरची, म्हणजे वाजवणाऱ्याच्या समोरच्या स्पीकरची, लाइन फेडरच्या आधीची, त्यामुळं दादांना स्वतःचं वाजवणं व्यवस्थित ऐकू येत होतं, डोळे मिटून वाजवत होते. हॉलमध्ये मात्र सरांचा एकट्याचा आवाज, आणि स्टेजवरनं बारीक काय झिरपेल तेवढंच. कोण खोकलंसुद्धा नाही. कविता संपल्यावरही दोन-तीन सेकंद टाळी नाही. मग फेडर परत वर.

नंतर वायर गुंडाळताना दादा आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भावा, उंदराच्या कवितेला काय ऐकलं रे लोकांनी! तेवढं रेकॉर्डिंग पाठव."

रेकॉर्डिंग मेन आउटवरनं घेतलंय, म्हणजे हॉलच्या स्पीकरला गेलं तेवढंच. दोनदा फोन येऊन गेला, "बघतो दादा" म्हणून ठेवलंय.