किती देते?

आपल्याकडे गाडीबद्दल विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. किती देते, केवढ्याला पडली, पळते कशी. साताऱ्यात चौथा असतो, नंबर कुठला? एमएच 11 नसेल तर गाडीवाला पाहुणा ठरतो. माझ्या गाडीकडे यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर नाही. लिटरला किती देते हे मोजायचा प्रश्नच येत नाही, कारण ती कुठे जातच नाही. पळते म्हणाल, तर ज्यांच्या रानात मी ती चालवतो ते आबा पहिल्या गिअरमध्ये तिच्या पुढे चालत जातात, तेही पायात कुरूप असताना. नंबरप्लेट नाही. आणि सीट नाही, हे लोकांच्या जिवाला फार लागतं.

"मग बसायचं कुठं?"

बसायचं नाही, उभं राहायचं.

"आन् मागं?"

मागे तर नाहीच नाही. लिफ्ट मागणारा माणूस हिच्यापुढे हात टेकतो.

हिला ट्रायल्स बाइक म्हणतात. खेळ इंग्लंड-स्कॉटलंडकडचा, शंभर वर्षांहून जुना. ओढ्याचं पात्र, दरड कोसळल्यासारखे दगड, ओली चढण, झाडांची मुळं, असा थोडक्यातला तुकडा आखतात, उजव्या हाताला लाल खूण, डाव्या हाताला निळी. त्याला सेक्शन म्हणायचं. तो पाय न टेकता पार करायचा. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन. तीनदा टेकला की तीन, आणि त्यानंतर कितीही वेळा टेका, तीनच. पडलात किंवा खुणेबाहेर गेलात तर पाच. हे सगळे दंडाचे गुण, त्यामुळे ज्याचे कमी तो जिंकला. ज्या भोपळ्याला क्रिकेटवाले आयुष्यभर घाबरतात, त्या भोपळ्यासाठी इथे माणसं जिवाचं रान करतात. तीनाचा तो नियम मात्र कुणा दयाळू माणसाने केला असावा. तिसऱ्यांदा पाय टेकल्यावर माणूस एकदम मोकळा होतो आणि दोन्ही पायांनी वल्हवत बाहेर पडतो.

शाळेच्या गॅदरिंगला स्लो सायकलच्या शर्यतीत जे उतरले असतील त्यांना याहून जास्त सांगायला नको. सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला, आणि पाय टेकला की बाद. वर्गातली दांडगी, घंटा वाजवत सुसाट जाणारी पोरं त्यात पहिल्या दहा फुटांत गारद व्हायची, आणि कधी कुणाच्या नजरेत न आलेली एखादी मुलगी हँडल किंचित हलवत, जवळजवळ उभीच राहून, बक्षीस घेऊन जायची. त्या शर्यतीत दगड आणि पेट्रोल घातलं की ट्रायल्स.

आमचा भाग मात्र वेगाचा भोक्ता. 2023 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवला तेव्हा आबांनी पेढे वाटले होते. तरुणपणी त्यांची खोंडं शर्यतीत असायची. अशा माणसाच्या रानात जाऊन मी दहा मिनिटांत वीस फूट जातो. सुरुवातीला त्यांना माझी काळजी वाटायची. गाडीत काही बिघाड आहे असं ते धरून चालले होते.

जागा आबांचीच. जरंडेश्वराच्या अंगाला, कोरेगावच्या रस्त्याला, त्यांच्या रानाच्या टोकाशी बंद पडलेली दगडखाण आहे. सह्याद्रीचा हा काळा दगड लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. टणक थर टिकतात, त्यामधले मऊ थर झिजून जातात, म्हणून आमच्या डोंगरांना पायऱ्या आहेत. अजिंक्यताऱ्याकडे खालून पाहिलं तरी त्या कळतात. ट्रायल्सवाल्याला असल्या पायऱ्या कधीकधी माणसाने रचून द्याव्या लागतात, आम्हाला त्या फुकटात मिळाल्या. बरेच जण सुचवतात, कासच्या पठारावर जा की, केवढी मोकळी जागा! तिथे चुकूनही जाऊ नये. जांभ्यावर बोटभर माती, त्या मातीत ती फुलं. ठोकळ्यांच्या टायरने एक वळण घेतलं तर पुढची कित्येक वर्षं तिथे काही उगवायचं नाही. पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, पण ते नसतं तरी हेच म्हटलं असतं.

खरीखुरी ट्रायल्स बाइक साताऱ्याच्या कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही. त्या स्पेन-इटलीत बनतात. माँटेसा, गॅस गॅस, बीटा ही त्यातली मोठी नावं. वजन सत्तर किलोच्या आसपास आणि टाकी दोन-अडीच लिटरची. बाहेरून मागवायची म्हटलं तर ड्युटी भरता भरता ट्रॅक्टर येईल. आपल्याकडे 2019 साली बुलेट ट्रायल्स नावाची गाडी आली होती खरी, पण ती नावापुरती. पावणेदोनशे किलोच्या वरचं धूड घेऊन ओढ्यात कोण उतरणार? तरी नाव उगाच घेतलेलं नव्हतं. बुलेटला मागचं चाक धरून वर-खाली हलणारा चिमटा आणि शॉकअप आले ते लोकांनी पहिल्यांदा पाहिले 1948 साली, इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये. तोवर ट्रायल्सच्या गाड्यांना मागे काही नसायचं, सगळे धक्के माणसाने गुडघ्यांत घ्यायचे. जॉनी ब्रिटनने 1952 आणि 1957 साली रॉयल एनफिल्डवरच स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. सहा दिवस, रोज तीस सेक्शन. मग 1965 ला बेलफास्टचा सॅमी मिलर बुल्टाको नावाची हलकी स्पॅनिश टू-स्ट्रोक घेऊन तीच ट्रायल जिंकून गेला आणि इंग्रजांच्या जडशीळ गाड्यांचं दुकान बंद झालं. आजही या खेळावर स्पेनचंच राज्य आहे. टोनी बोऊ हा पठ्ठ्या 2007 पासून 2024 पर्यंत दरवर्षी मैदानातलं आणि बंद सभागृहातलं अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं घेत आला. अठरा वर्षं सलग. त्याच्या बरोबरीचे लोक रोज सकाळी काय म्हणून उठत असतील, कोण जाणे.

माझी गाडी म्हणजे भंगारातली सीडी 100. ही 1985 ची कमाल. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती, लिटरला ऐंशी किलोमीटरचा बोलबाला होता. देशातल्या सगळ्यात काटकसरी गाडीचं मी असं काही केलं की तिचे मूळ मालक मला उभं करणार नाहीत. सीट, बॅटरी, दिवे, मागचं मडगार्ड, साडीगार्ड, सगळं उतरवलं. डेंटिंगवाल्याने तीन लिटरची पत्र्याची टाकी करून दिली. फूटरेस्ट खाली आणि मागे सरकवले. मागे रुंद टायर बसावा म्हणून चिमटा कापून रुंद केला. हे काम ज्या टर्नरकाकांनी केलं ते उमेदीच्या काळात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते, साताऱ्यात प्रिया स्कूटर बनायची त्या कारखान्यात. गाडी आडवी करून किक मारायच्या जमान्यातला माणूस, त्यामुळे कुठल्याही गाडीचं त्यांना नवल नाही. फक्त एकदा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "साहेब, चेनचं पुढचं सॉकेट बारा दात्यांचं, मागचं साठ. ही चढंल, पर जायची न्हाई कुठं."

जायचं नाहीच आहे, काका.

रस्त्यावर तर ती मुळीच जात नाही. कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमात बसत नाहीत, आणि ते योग्यच आहे. हा सांगाडा पोवई नाक्यावर आणायची वस्तू नव्हे. ती छोट्या हत्तीत चढते आणि थेट खाणीत उतरते.

देखभालीत निम्मा वेळ हवेवर जातो. रोजच्या गाडीला आपण तीस पौंडांच्या आसपास हवा भरतो. ट्रायल्सच्या मागच्या टायरला चार-पाच. टायर असा मऊ हवा की दगडाच्या कडेला तो दाबून धरील. पंक्चरवाल्याच्या मीटरचा काटा दहाच्या खाली हलतच नाही, तो बिचारा बोटाने दाबून म्हणतो, "ही पंक्चरच है." खऱ्या ट्रायल्स बाइकला मागे ट्यूब नसते. माझ्या गाडीला आहे, म्हणून मला आठपर्यंत थांबावं लागतं. त्याहून उतरलं की टायर रिमवर फिरतो, आत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. त्यावर उपाय रिमलॉक. आतून टायरची कड रिमवर आवळून धरणारा चिमुकला तुकडा, वर एक नट. पाच मिनिटांचं काम, पण तो नट आवळला आहे ना हे मी देवाला नमस्कार करावा तसं दरवेळी बघतो.

मग स्पोक. चाक फिरवत प्रत्येक तारेवर पान्याने टिचकी मारत जायचं. ताठ तार टण् करते. ढिली भद्द करते, आणि तिच्या शेजारच्या दोन तारा गरजेपेक्षा वरच्या सुरात बोलतात, कारण तिचं वजन त्यांनी घेतलेलं असतं. अर्धा आटा आवळायचा, पुन्हा टिचकी. रात्री जेवणं झाल्यावर मी हे करत असतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकी लावून घेतात.

क्लचची वायर हा दुसरा जीव की प्राण. ट्रायल्समध्ये क्लच एका बोटावर असतो आणि ते बोट सतत काम करतं, म्हणून वायरला तेल सोडत राहायचं आणि एक जादा वायर जुनीला चिकटपट्टीने बांधूनच ठेवायची. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या हँडलवर घट्ट आवळायच्या नाहीत. गाडी पडते, पडणारच, तेव्हा दांडी नुसती फिरली पाहिजे, मोडता कामा नये. मनगटाला एक दोरी, दोरीच्या टोकाला चुंबक. तुम्ही गाडीवरून सुटलात की चुंबक सुटतं आणि इंजिन बंद. आबांना सगळ्या गाडीत पटलेली वस्तू ती एकच. "पोरांच्या गाड्यांना लावा म्हनावं ही," म्हणाले.

चालवण्यातली पहिली पायरी पायी असते. जगातले मोठमोठे खेळाडूही आधी सेक्शन चालून बघतात. कुठला दगड हलतो, कुठल्या दगडाला ओल आहे, पुढचं चाक ठेवायचं कुठे आणि मागचं येणार कुठे. मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येत नाही, वळणावर ते आत कापतं, हे डोक्यात ठेवून चालायचं. वीस फुटांच्या जागेकडे इतका वेळ मी दुसऱ्या कुठल्या निमित्ताने पाहिलं नसतं. खाणीतला कुठला दगड कसा आहे हे मला आता आबांपेक्षा जास्त माहीत आहे, आणि जमीन त्यांच्या आजोबांपासूनची.

समजा गुडघाभर उंच पायरी आहे. तिच्या अलीकडे चालण्याच्या वेगाने यायचं, गुडघे वाकवून गाडी खाली दाबायची, आणि ती परत वर येते आहे त्या क्षणी थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन बोट क्लचवरून सोडायचं. पुढचं चाक उचलतं. ते पायरीच्या कडेवर टेकलं की लगेच क्लच आत, अ‍ॅक्सिलरेटर बंद. इथे सगळे गडबडतात. मागचं चाक कडेला आदळताना मनगट आणखी पिळायची इच्छा होते, आणि पिळलं की चाक जागच्या जागी दगड घासतं. आपण पाय सैल सोडायचे, गाडीला वर येऊ द्यायचं. ती येते. ठोकळ्यांचा तो पिचपिचीत टायर कडेवर चपटा होतो, एक ओला चपकारा ऐकू येतो, आणि गाडी वर असते.

रस्त्यावरच्या वळणात आपण गाडीबरोबर आत झुकतो. इथे उलटं. हँडल पूर्ण वळवून गाडी आत कलंडवायची आणि अंग मात्र बाहेर न्यायचं, नाहीतर पाय टेकलाच. बाकी युक्ती म्हणावी अशी एकच, नजर. ज्या दगडाला घाबरून बघत राहाल त्याच्यावरच जाऊन बसाल. मधे थांबलं तर चालावं की पाच गुण द्यावेत, यावर त्या जगात वर्षानुवर्षं भांडणं आहेत. थांबू दिलं तर उड्या मारत चाकं हवी तिथे ठेवता येतात, न थांबू दिलं तर ओघ राहतो. मला थांबायला आवडतं. पुढचं चाक दगडाला टेकवून, हँडल एका बाजूला तोडून, ब्रेक दाबून नुसतं उभं राहायचं. इंजिन टुकटुक करतं, काही चाललेलं नसतं, आणि त्यातच सगळा घाम निघतो.

आबांनी आता पंचाचं काम अंगावर घेतलं आहे. बांधावर बसून मोठ्याने मोजतात. "टेकला... टेकला... टेकला. आता कितीबी टेक." शून्याने पार पडलो तर ते काहीच बोलत नाहीत, त्यांना तो भाग कंटाळवाणा वाटतो. नातवालाही आणतात. पोरगं बारा वर्षांचं, इंजिन बंद असताना गाडीवर उभं राहायला लागलं आहे, आणि माझ्याहून जास्त वेळ टिकतं. वजन कमी असल्याचा फायदा आहे तो.

पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, उरलेल्या दगडांवर शेवाळ, मग जून ते सप्टेंबर गाडी घरात. यंदा बॉल रेसर बदलून झाले, चेन बदलून झाली. मागचा शॉकअप तेवढा राहिला आहे. फिटर म्हणतो एका स्कूटीचा बसतो, दोन इंच उंच होईल, होऊ द्या. मी म्हणतो उंच झाली की चेन चिमट्याला घासेल. तो म्हणतो घासली तर रबर लावू. सोमवारी बाजार असतो म्हणून त्याचं गॅरेज बंद, मंगळवारी जुना शॉकअप घेऊन ये म्हणालाय.