चरावरची खुणांची भाषा

बांगलादेशाच्या उत्तरेला कुडीग्राम नावाचा गरीब जिल्हा आहे. तिथल्या चिलमारीच्या घाटावरून शॅलो पंपाचं इंजिन लावलेल्या होडीत बसायचं आणि ब्रह्मपुत्रेतल्या चरांवर उतरायचं. चर म्हणजे नदीनेच गाळ टाकून उभी केलेली बेटं. मनात आलं की तीच ती कापून नेते. मग माणसं घराचे पत्रे उतरवतात आणि दुसऱ्या चरावर बिऱ्हाड मांडतात.

कर्णबधिर मुलांच्या घरी जाणाऱ्या एका कार्यकर्तीबरोबर मी फिरत होते. सगळे तिला आपा म्हणत, मला दिदी. माझं शिक्षण मुंबईच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या संस्थेतलं, त्यामुळे माझी नजर आधी कानाकडे जाते. पहिल्याच घरी आईने पेटीतून श्रवणयंत्र काढलं, फडक्यात गुंडाळून जिवापाड जपलेलं. कुठल्याशा शिबिरात मिळालेलं. आठवडा-दोन आठवडे चालणारा बटणाएवढा सेल कधीच संपला होता, आणि चरावर तो विकतो कोण? कानातला साचाही आता बसत नव्हता. मूल वाढतं तसा कानही वाढतो. सरकारचा अपंगभत्ता तेव्हा महिना ८५० टका होता, मोबाइलवर जमा व्हायचा. त्यात तांदूळ आधी, सेल नंतर. या शिबिरांची मला चीडच आहे. यंत्र वाटताना फोटो निघतो, सेल पुरवताना कोण काढणार?

ती मुलगी असेल नऊ-दहा वर्षांची. आईशी तिच्या खुणा भराभर चालल्या होत्या. हातांनी हँडल धरलं की बाप, कारण तो ढाक्याला रिक्षा ओढतो. तळवा वर वर नेला की पूर. पण ही भाषा कुडाच्या आतच संपते. पलीकडच्या चरावरचा मुलगा तिच्याच वयाचा, त्याच्या घरच्या खुणा निराळ्या. बांगला इशारा भाषा ही देशातल्या कर्णबधिरांची सामाईक खुणांची भाषा; ७ फेब्रुवारीला तिचा दिवसही असतो. या दोघांपर्यंत ती भाषा आलेलीच नाही.

एका घरी बापाला मोठ्या मुलीच्या लग्नाचा घोर होता. निकाहात ‘कबूल’ कसं म्हणेल ती? शेजारी बसलेल्या हुजूरांनी, म्हणजे मौलवींनी, लगेच निकाल दिला: हनफी फिक्हात, म्हणजे इथले मुसलमान पाळतात त्या धर्मकायद्यात, मुक्याची स्पष्ट खूण बोलण्याइतकीच धरतात. बापाचा चेहरा सैल झाला. आपा मात्र गप्प बसली नाही. “स्पष्ट कोणाला, हुजूर? सासरी तिची खूण वाचणार कोण?” हुजूर हसले आणि त्यांनी पान पुढे केलं.

परतताना होडीत मी आपाला सेलच्या पुरवठ्याबद्दल विचारत होते. ती म्हणाली, “सेल पाठव दिदी, नको कशाला म्हणू? पण आधी डिझेलचे पैसे बघ. हाटाच्या दिवशी सगळ्या चरांवरची पोरं एका अंगणात आणते, आयांसकट. ढाक्याहून एक बहिरा मास्तर यायला तयार आहे.” मग इंजिनाच्या आवाजावर ओरडत तिने मला एका फेरीचा हिशेब सांगितला, आणि भाव वाढवतो म्हणून नावाड्याशी तिथेच भांडलीसुद्धा.