तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीची गिफ्ट्स गावातल्या पेठेतूनच का घेते?

दसरा झाला की हा प्रश्न मला ठरलेलाच. जळगावच्या ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, पुण्याची भाची फोनवर विचारते, आता तर वहिनीपण विचारायला लागली, की ताई, भाऊबीजेचं, पाडव्याचं, ऑफिसचं सगळं तुम्ही अमळनेरला जाऊन का घेता, मोबाइलवर तीच वस्तू स्वस्त आहे आणि घरपोच येते. दरवेळी मी घाईघाईत "अगं ओळखीचे आहेत" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. पण ते खरं उत्तर नाहीये. आज जरा वेळ आहे तर नीट लिहिते.

आधी हे मान्य करते की ऑनलाइन स्वस्त मिळतं. मागच्या दिवाळीत बहिणीसाठी मिक्सर घेतला, मोबाइलवर 3,150 ला होता, मी दुकानात 3,400 दिले. अडीचशे रुपये जास्तच गेले. पुढे फेब्रुवारीत त्याचं कपलिंग गेलं तर दुकानातला मुलगा संध्याकाळी घरी येऊन बदलून गेला, हे खरं, पण मी काही त्यासाठी तिथून घेतला नव्हता. आणि "आपल्या माणसांकडून घ्या" असं नुसतं भावनेने सांगितलेलं मलाही पटत नाही, पैसे कष्टाचेच असतात सगळ्यांचे.

माझं खरं उत्तर आहे कापूस.

आपल्याकडे खान्देशात दिवाळी आणि कापूस बरोबर येतात, पण पैसा बरोबर येत नाही. पहिला वेचा दसऱ्याच्या आगेमागे निघतो, आणि तो ओला असतो, रात्री दव पडतं, कधी परतीचा पाऊस झोडपून जातो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला तर कापूस घेत नाहीत, मग दारात येतो तो खेडा खरेदीवाला, काटा आणि टेम्पो घेऊन, आणि ओलाव्याच्या नावाने भाव पाडून मागतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, पण ज्याला चार दिवसांवर आलेली दिवाळी करायचीय, पोरीला साडी घ्यायचीय, जावयाला टॉवेल-टोपी द्यायचीय, तो काय हमीभावाची वाट बघणार का, येईल त्या भावाला देऊन मोकळा होतो. माझ्या मामांनी किती वर्षं पहिला वेचा असाच घालवला.

ज्या वर्षी नाही घालवला त्या वर्षी मामांच्या पुढच्या खोलीत कापूस छताला टेकलेला असायचा, आम्ही सगळी भावंडं त्यात उड्या मारायचो, रात्रभर अंग खाजायचं आणि मामी ओरडायची. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं, की तो कापूस घरात राहिला कारण पेठेतल्या एका कापडवाल्याने मामांना सांगितलं होतं, घेऊन जा, कापूस गेल्यावर दे. डिसेंबर-जानेवारीत वाळलेल्या कापसाला बरा भाव मिळायचा. दरवर्षी मिळायचाच असं नाही, पण निदान विकायचा कधी हे ठरवायला मामा मोकळे असायचे.

अमळनेर म्हटलं की लोकांना साने गुरुजी आठवतात, 1945 मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून इथेच सुरू झालेली विप्रो आठवते. मला आठवते ती त्या कापडवाल्यांची गादी. पांढरी चादर अंथरलेली, कडेला लोड, बाहेर चपलांचा ढीग. आता त्यांचा मुलगा बसतो, त्यालाही सगळे नानाच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी तिथे पाच साड्या काढून बसले होते, शेजारी एक जोडपं आलं, बाई माझ्याच वयाची असेल, नखांच्या कडा काळ्या पडलेल्या आणि बोटांवर बारीक बारीक ओरखडे, कापूस वेचणाऱ्या हाताला बोंडाच्या वाळक्या टोकांचे असतात ना, तसे. तिने एक साडी उचलली, पदर उलगडला, किंमत विचारली, परत घडी केली, तीपण नीट, दुकानातल्या पोऱ्याने केली नसती इतकी नीट. नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "कापूस इका का देसूत नाना," म्हणजे कापूस विकला की देऊ. नानाने काही विचारलं नाही. "लई जाय भाऊ," घेऊन जा, म्हणाला आणि लाल वही ओढली, गावाचं नाव, माणसाचं नाव, 2,860. ना व्याज, ना कुठला फॉर्म, ना ओटीपी.

मग माझ्या पाच साड्यांचं बिल झालं, मी फोनवरून पैसे टाकले, स्पीकर बोलला, आणि नानाने तिथल्या तिथे सुरतच्या पार्टीला फोन लावला, की थोडे पाठवतो आत्ता, बाकीचे पाडव्यानंतर.

त्या क्षणी मला सगळं एकदम दिसलं, खरं सांगते. आपल्या इकडे साड्या-ड्रेस मटेरियल येतं ते मुख्यतः सुरतहून, सुरत-भुसावळ रेल्वे लाइन तर दारातूनच जाते. नानासारखा दुकानदार गणपतीच्या सुमारास माल भरतो, अर्धा उधारीवर, सुरतवाला मुदत देतो तीपण कापूस विकेपर्यंतची थोडीच असते, त्याला दिवाळीतच पैसे लागतात. म्हणजे नाना एका हाताने सुरतची उधारी घेतो आणि दुसऱ्या हाताने खेड्यातल्या माणसाला उधारी देतो, आणि मधली फट भरते ती आमच्यासारख्या पगारदारांच्या रोखीने. शिक्षक, बँकवाले, तलाठी, नर्स, माझ्यासारख्या ऑफिसवाल्या, आम्ही दिवाळीत रोख देतो म्हणून तो त्या भाऊला "लई जाय" म्हणू शकतो.

आता समजा आम्ही सगळे पगारवाले मोबाइलवर गेलो. आमचं काहीच बिघडणार नाही, उलट दोनशे रुपये वाचतील. पण नानाकडे उरणार फक्त वहीतली गिऱ्हाइकं, आणि नुसत्या वहीवर दुकान किती दिवस चालेल, दोन दिवाळ्या, फार तर तीन. दुकान बंद झालं की त्या बाईने साडी कुठून घ्यायची? ऑनलाइनवालेपण हप्ते देतात असं भाची म्हणते, देतात ना, पण कार्ड लागतं, महिन्याला हप्ता लागतो, आणि शेतकऱ्याच्या घरी महिन्याला काही येत नाही, वर्षाला येतं. पाऊस जास्त झाला आणि बोंडं काळी पडली तर कधी तेही येत नाही, अशा वर्षी नाना बाकी पुढच्या वहीवर ओढतो. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते त्याच रात्री जुनी बाकी तिच्यात उतरवली जाते, हे मी लहानपणापासून बघतेय.

तर हे माझं उत्तर. दोनशे रुपये मी नानाला देत नाही, त्या वहीला देते.

याचा अर्थ सगळे छोटे दुकानदार संत असतात असं नाही. एका ठिकाणी मला कुकर बिलाशिवाय दिला, झाकण नीट बसत नव्हतं म्हणून परत नेला तर ओळखच दाखवली नाही, मी तिथे परत पाय ठेवला नाही. म्हणून बिल मागायचंच, ओळखीच्या दुकानातही मागायचं, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते, मी स्वतः उधार घेत नाही. ज्याच्या खात्यात पगार जमा झालाय त्याने वहीत जागा अडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइलवरची किंमत दाखवून घासाघीसही करत नाही. साध्या दोन गोष्टी आहेत पण लोक नेमक्या उलट करतात, रोख मोबाइलवाल्याला आणि उधारी गावातल्या दुकानाला.

ऑफिसच्या गिफ्टचं पण विचारता सगळे, कारण ते काम तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. आधी सगळ्यांना तो ठरलेला ड्रायफ्रूटचा डबा जायचा, चकचकीत, आत अर्धं थर्माकोल. आता आम्ही केळीचे वेफर्स देतो, सावदा-फैजपूरकडच्या एका छोट्या कारखान्यातून. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपण केळीच्या जिल्ह्यात राहून एकमेकांना बदाम काय वाटत बसायचे. सोबत बचत गटाच्या बायांनी उन्हाळ्यात वाळवलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आपले पापडच, आणि काळा मसाला. पण हे आयत्या वेळी मिळत नाही हां, बायांना घटस्थापनेला सांगावं लागतं आणि अर्धे पैसे तेव्हाच द्यावे लागतात, मसाला त्या ताजा कुटतात आणि मिरची रोखीने आणावी लागते. पहिल्या वर्षी मी उशिरा सांगितलं आणि अठ्ठावीसपैकी एकोणीसच पाकिटं झाली होती.

आणि पणत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुंभार आजी बसते, तिची वर्षातली दोनच मोठी कमाई, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या घागरी आणि दिवाळीच्या पणत्या. तिच्याशी भाव करू नका, एवढंच.

मोबाइलवरून मी काहीच मागवत नाही असंही नाही. भाच्याला जी पुस्तकं हवी असतात ती इथे येत नाहीत, ती मागवते. जे पेठेत मिळतच नाही ते मागवण्यात कोणाचा घास जात नाही.

त्या जोडप्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. जानेवारीत संक्रांतीच्या वाणाचं काही बघायला मी नानाकडे गेले होते तर तोच माणूस आला, अंगावर शाल, टोपीला कापसाचे धागे चिकटलेले. खिशातून रबर लावलेल्या नोटा काढल्या, मोजल्या, परत मोजल्या, गादीवर ठेवल्या. नानाने वही काढली, 2,860 वर आडवी रेघ मारली, वही फिरवून त्याला दाखवली, आणि पोऱ्याला तीन चहा सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हं ताई, तुमचं काय दाखवू?"