चौदावं विधान

बाई वीस मिनिटं उशिरा आल्या. माद्रिदच्या दक्षिणेला, काराबांचेल भागात, ओपोर्तो मेट्रो स्टेशनजवळच्या एका चर्चमागे छोटा हॉल आहे. तिथे आम्ही मुलाखती घेत होतो. धापा टाकतच त्या आत आल्या आणि कोट काढता काढता म्हणाल्या, "के पेना कोन उस्तेद, मिहा." ज्या आजींना सांभाळायला त्या जातात, त्यांची आंघोळ लांबली होती. मी म्हटलं, काही हरकत नाही, बसा. त्यांचं ते पहिलं वाक्य माझ्या कानावरून गेलं, पण मी ते ऐकलं नाही.

आमचं काम होतं रोजच्या भावना मोजणारी स्पॅनिश प्रश्नावली तयार करण्याचं. दुःख, भीती, राग, लाज अशा उपचाचण्या, प्रत्येकीत काही विधानं, आणि विधानासमोर 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंतचे पर्याय. दुःखाच्या उपचाचणीतलं चौदावं विधान होतं, 'मला पटकन पेना वाटते'. स्पेनमध्ये पेना म्हणजे दुःख, पण घरगुती, हळवं. लंगडणारं कुत्रं दिसलं, जुनं दुकान बंद झालं की लोक म्हणतात, 'के पेना!' आमच्या गटातल्या सगळ्या स्पॅनिश सहकाऱ्यांना हे विधान आवडलं होतं. मलाही.

पूर्वचाचणीत मात्र ते बिघडलं. स्पेनमध्ये जन्मलेल्यांच्या उत्तरांत ते दुःखाच्या बाकी विधानांबरोबर नीट चालत होतं. लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांच्या उत्तरांत ते दुःखाला सोडून लाजेच्या विधानांकडे सरकत होतं. विधानाचा उपचाचणीच्या एकूण गुणांशी सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जुळून चालतात हे सांगणारा आकडा, ०.३० च्या खाली गेला की आमच्याकडे त्याच्यावर खूण होते. मी लाल पेनाने बाजूला 'वगळा' लिहिलं आणि यादी पुढे दिली. आमच्या प्रकल्पप्रमुख बाईंनी ती वाचून परत केली. "कागदावरून वगळू नकोस. आधी जाऊन विचारून ये." म्हणून मी त्या हॉलमध्ये बसले होते.

या मुलाखतीत उत्तरापेक्षा उत्तरापर्यंतची वाट महत्त्वाची असते. माणसाने विधान मोठ्याने वाचायचं, मनात काय आलं ते बोलायचं, मग खूण करायची. बाईंनी चष्मा लावला. डाव्या हाताचं बोट ओळीखाली धरून त्या शाळेत वाचतात तशा वाचू लागल्या. पहिली तेरा विधानं सरळ गेली. चौदाव्यावर त्या हसल्या आणि क्षणाचाही विचार न करता 'नेहमी'वर खूण केली.

मी विचारलं, "शेवटची कधी वाटली होती?"

"आत्ताच. तुम्हाला ताटकळत ठेवलं ना."

मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं. पुन्हा विचारलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. त्या कोलंबियाच्या. "दुसऱ्याच्या घरी फ्रिज उघडताना वाटते ती पेना. आजींच्या मुलाकडे पगार वाढवून मागायला गेले की वाटते ती पेना."

"आणि दुःख झालं तर?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "माझी आई गेली तेव्हा माझे इथे राहण्याचे कागद झाले नव्हते. जाता आलं नाही. ती त्रिस्तेसा. तिला पेना कशाला म्हणू?"

भीड. मराठीत त्याला भीड म्हणतात. तीन वर्षं माद्रिदमध्ये राहून जे मला कळलं नव्हतं, त्यासाठी माझ्या आईच्या तोंडातला शब्द क्षणात पुढे आला. मी नागपूरची. 'शिक्षा विभाग' ही हिंदी पाटी वाचून मराठी मुलांनी बिचकायचं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. शब्द तोच आणि अर्थ दुसरा, हे मला नवं नव्हतं. तरी माझ्या हातून निसटलं, कारण इथे दोन भाषा नव्हत्या, एकच होती.

खरं तर आमच्या मानसशास्त्रात याची जाण जुनी आहे. स्पीलबर्गर आणि सहकाऱ्यांची चिंतेची प्रसिद्ध चाचणी १९७० ची, चाळीस विधानांची. तिची मेक्सिकोतली आवृत्ती १९७५ मध्ये निघाली, माद्रिदमधली १९८२ मध्ये. भाषा एक, आवृत्त्या दोन. बेनेत-मार्तिनेस आणि जॉन यांनी १९९८ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या 'पाच मोठ्या' घटकांची प्रश्नावली स्पॅनिशमध्ये तपासली, तीही स्पेनमधल्या लोकांवर आणि अमेरिकेतल्या स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्या हिस्पॅनिक लोकांवर. हे सगळं मी परीक्षेसाठी वाचलेलं होतं.

स्पॅनिशने या कामाला एक देणगीही दिली आहे. आपण 'मी अस्वस्थ आहे' म्हणतो, तेव्हा स्वभाव की आत्ताची अवस्था हे संदर्भावरून ओळखावं लागतं. स्पॅनिशमध्ये 'आहे'साठी दोन क्रियापदं आहेत. 'सेर' वापरलं तर माणूस मुळात तसा, 'एस्तार' वापरलं तर सध्या तसा. स्वभाव आणि अवस्था वेगळ्या मोजायला आम्ही जन्मभर धडपडतो, ते ही भाषा चार वर्षांच्या पोराकडून करून घेते. याच भाषेने पेनामध्ये मला अडवलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. समजा, ही प्रश्नावली तशीच छापली गेली असती आणि एखाद्या आरोग्य केंद्रात या बाईंनी भरली असती, तर त्यांची भीड नैराश्याकडे झुकणारं दुःख म्हणून नोंदली गेली असती. आणि विधान नुसतं वगळलं असतं, तर बाकीच्या शब्दांत असंच काही दडलं असेल असा संशयही आला नसता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मेक्सिको, इक्वेडोर, डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या माणसांना घेऊन पूर्ण यादी शब्दाशब्दाने वाचली. रागाच्या उपचाचणीसाठी कुणीतरी सुचवलेला 'कोराहे' लगेच बाद झाला, कारण मेक्सिकोत तो राग आहे आणि स्पेनमध्ये धैर्य.

चौदावं विधान आम्ही 'त्रिस्ते' हा शब्द घेऊन नव्याने लिहिलं. त्याचं रूप स्त्री-पुरुष दोघांना सारखंच, म्हणून शेवटी तिरपी रेघ देऊन दोन प्रत्यय छापायची गरजही उरली नाही. स्पॅनिश सहकाऱ्यांना पेनाचा ओलावा गेल्याची रुखरुख आहे, आणि ती मला पटते. नवं विधान कोरडं आहे. पण ते दोन्हीकडे तेच विचारतं.

त्या दिवशी निघताना बाईंनी विचारलं, "मागच्या महिन्यात मी असाच कागद भरला होता. त्यातही 'नेहमी'च लिहिलं असेन. तो बदलता येईल?"

मी सांगितलं, कागदांवर नावं नाहीत, तुमचा कुठला ते मला शोधता येणार नाही.

"मग सगळ्यांचाच बदला," त्या म्हणाल्या आणि कोट घालून आजींकडे परत गेल्या.

संध्याकाळी कार्यालयात येऊन मी पूर्वचाचणीची फाइल उघडली, चौदावा रकाना बाजूला काढला आणि पहिल्या ओळीपासून प्रत्येकाचे दुःखाचे गुण पुन्हा मोजायला घेतले.