आमची वाटचाल : आधी सिमेंट काढा

आमचा धंदा सुरू झाला तो वाडे पाडण्यापासून. वडिलांची कोल्हापुरात लाकडाची वखार; जुने सागवानी खांब, तुळया काढून आणायच्या आणि विकायच्या. पाडता पाडता वाडा उभा कसा असतो ते कळत गेलं. मग एका मालकाने विचारलं, पाडायचा नाही, राखायचाय, जमेल?

जमेल म्हणालो आणि भिंतींना झकास सिमेंटचा गिलावा मारला. दोन पावसाळ्यांत ढलपे खाली. चुन्याच्या भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट लागते. सिमेंटने ती कोंडली की ओल तुळयांची टोकं खाते. पदरमोड करून सगळं काढून दिलं.

पुढे एका तालुक्याच्या गावचं, ऐन पेठेतलं जुनं नाट्यगृह हाती आलं. आत खताची पोती रचलेली. गावाने वर्गणी काढली होती, म्हणजे मालक एक नाही, गावभर! पहिले चार महिने आम्ही बांधलं काहीच नाही. सिमेंट खरवडलं, पीओपीचं छत उतरवलं. वर मूळ फळ्या शाबूत होत्या, पण पन्हाळीखाली तीन कैच्यांच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटींच्या, टोकांत बोट घातलं की भुगा हातात. तेवढंच कापून जुन्या सागाचे जोड दिले. चुना हौदात मुरवला, घाण्यात मळला. तो आपल्या गतीने घट्ट होतो. वर्गणीदार मात्र रोज विचारणार, ‘रंग कधी?’

छत उघडल्यावर रंगमंचावरच्या सुताराने हासडलेली शिवी शेवटच्या रांगेतल्या गवंड्याला बिनमाइकची, स्पष्ट ऐकू आली. आमची ध्वनिचाचणी तीच.

काम अर्ध्यावर असताना, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. मी पहिलं नाटक तिथेच पाहिलेलं. आठवडाभर हातोडा उचलवेना. मग आमचीच झालेली वायरिंग उखडली. लाकडी पट्ट्यांमागची प्रत्येक वायर लोखंडी पाइपातून नव्याने घेतली. खर्च वाढला. पण तो सांगायला घेतलेल्या वर्गणीदारांच्या बैठकीत रंगाचं कोणी विचारलं नाही.

आता तिथे सकाळी भजनी मंडळ, दुपारी शाळांची गॅदरिंगं, महिन्याला एखादं नाटक. दर मे महिन्यात पन्हाळी साफ करायला आमची दोन माणसं जातात. त्याचे पैसे आजवर लावले नाहीत; यंदा लावावे म्हणतोय.