मेळाव्यात बोलणारी भावंडे

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या पालकांचे आमचे मंडळ दरवर्षी १५ फेब्रुवारीच्या सुमारास मेळावा भरवते. २००२ पासून हा दिवस जगभर बालकर्करोग दिन म्हणून पाळला जातो आणि आमच्याकडे त्या दिवशी लहानथोर सर्वांच्या छातीवर सोनेरी फीत असते. स्वागत, अहवाल, हिशेब हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. नोंदवावी अशी गोष्ट एकच, की सभागृहात ताजे फूल दिसत नाही. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, खाली गेलेल्या मुलाला फुलांतून आणि ओल्या मातीतून संसर्ग होण्याची भीती असते, म्हणून मुलांनी स्वतः केलेली कागदी फुले पाहुण्यांना दिली जातात. आणि ज्याला ताप किंवा खोकला आहे, तो अध्यक्ष असला तरी त्याला दाराशीच नम्रपणे थांबवले जाते. हा नियम मंडळाने कोणासाठीही सैल केलेला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

डॉक्टरांचे भाषण मी नेहमी लक्ष देऊन ऐकते. संपन्न देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी, हे सांगताना उशिरा झालेल्या निदानाबरोबर मध्येच सोडलेल्या उपचारांचेही कारण ते आवर्जून देतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या एएलएल या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांत सगे-सोयरे धावून येतात. पुढे मेंटेनन्स, म्हणजे घरी राहून गोळ्या घेण्याचा शेवटचा लांब टप्पा, सुरू झाले, मुलाच्या डोक्यावर केस आले, की सर्वांना संकट टळल्यासारखे वाटते, आणि रोज रात्री न चुकता गोळ्या देणारी आई मात्र प्रत्येक रक्ततपासणीच्या आदल्या रात्री जागीच असते. तिचा फोन त्या वेळी कोणीतरी उचलावा, यासाठीच हे मंडळ निघाले.

तरीही मला दरवर्षी आतून हलवते ते भावंडांचे बोलणे. आजारी मुलाला सगळे विचारतात. त्याच्या बहिणीला किंवा भावाला नातेवाइकांकडे धाडले जाते, अर्धीमुर्धी माहिती कानावर पडते आणि उरलेले ते मूल स्वतःच्या मनाने भरून काढते. एका वर्षी एक लहान मुलगी कागद घेऊन उभी राहिली. भांडणात तिने धाकट्या भावाला ढकलले होते, त्यानंतर त्याचे पाय दुखू लागले आणि पुढे त्याला रुग्णालयात न्यावे लागले. हा आजार आपल्यामुळेच झाला असे तिने मनाशी धरले होते आणि इतक्या दिवसांत ते कोणालाही सांगितले नव्हते. तिचे वाचून संपण्याआधीच डॉक्टर व्यासपीठावरून उतरून तिच्याजवळ गेले. या आजारात हाडांच्या आतल्या मगजात रोगट पेशी दाटतात म्हणून पाय दुखतात, ढकलल्याने, भांडल्याने किंवा रागाच्या भरात मनात वाईट आल्याने कर्करोग होत नाही, हे त्यांनी तिला आणि तिच्यामागे बसलेल्या सर्व मुलांना ऐकू जाईल असे सांगितले. त्यानंतर कितीतरी पालक आपापल्या थोरल्या मुलांना बाजूला घेऊन बोलताना मी पाहिले.

तज्ज्ञांनी २०१५ मध्ये या मुलांच्या व कुटुंबांच्या मानसिक-सामाजिक आधाराची १५ मानके प्रसिद्ध केली. भावंडांना आधार देणे त्यांत आहे, तसेच मूल गेल्यानंतर उपचार करणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या कुटुंबाशी संपर्क साधावा, हेही आहे. आमच्या मेळाव्यात अशा आईवडिलांसाठी वेगळी खोली आणि समुपदेशक असतात. पण बहुतेक जण मुख्य सभागृहातच बसतात आणि आपल्या मुलाचे नाव स्पष्टपणे उच्चारतात. इथेच माझी एक तक्रार मांडते. ज्यांची मुले बरी होऊन शाळेत रमली आहेत, ती कुटुंबे हळूहळू यायची थांबतात. त्यांना ते दिवस आठवायचे नसतात, हे मी जाणते. परंतु कालच निदान झालेल्या आईला बरे झालेले मूल डोळ्यांनी पाहायचे असते, आणि ते दाखवणे दुसऱ्या कोणाच्या हाती नाही. मुलांचे वडीलही येतात, पण दाराजवळ उभे राहतात. त्यांनी आत येऊन बसावे.

मदतनिसांचा उल्लेख राहू नये म्हणून सांगते. वॉर्डातल्या सिस्टर रात्रपाळी संपवून तशाच येतात. सफाई करणाऱ्या मावशी पहाटे सभागृह पुसून घेतात. समाजसेविका ताई, रुग्णालयातल्या शाळेच्या बाई, मुलांना खेळातून सुया आणि पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेले छोटे उपकरण) समजावून देणाऱ्या ताई, फिजिओथेरपिस्ट, औषधांच्या खिडकीवरचे दादा, मास्क शिवून देणाऱ्या आजी, व्हीलचेअर उचलणारे वॉर्डबॉय आणि गाडी चालवणारे काका, या सर्वांचे ऋण आहे. हाक दिली की प्लेटलेट देण्यासाठी येणारे दाते तर कधी व्यासपीठावर येतच नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख इथे मुद्दाम करते.

पाहुण्यांची भाषणे लांबली की भावंडांचा वेळ कापला जातो, हे मला सहन होत नाही. यापुढे भावंडांना कार्यक्रमात पहिले स्थान द्यावे, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे, आणि कागद घेऊन उभ्या राहिलेल्या त्या मुलीने, जी आता मोठी झाली आहे, नव्या मुलांची भाषणे बसवून घेण्याचे काम स्वतःहून मागून घेतले आहे.